मामांची कुटलेली गोळी

ती गोळी मी साडेचार महिने माझ्या हातानं कुटली. रोज सकाळी, मामांच्या न्याहारीच्या वेळी, वेलदोडे कुटायच्या लहान खलबत्त्यात. गोल, आकाशी रंगाची, मसुराच्या दाण्याहून जरा मोठी. बत्त्याचा एक दणका बसला की फुटायची आणि आतली पांढरी पूड खलाच्या कडांना चिकटायची. ती मी बोटानं पुसून घ्यायची, पिकल्या केळात कालवायची आणि मामांना चमच्यानं भरवायची. एकदा त्यांनी फारच तोंड वाकडं केलं, तेव्हा किती कडू आहे ते बघायला मी तेच बोट जिभेला लावलं होतं.

मामा म्हणजे माझे सासरे, आणि आत्या म्हणजे सासूबाई. आष्ट्याजवळच्या गावात आमचं घर, थोडा ऊस, दोन म्हशी. मी साताऱ्याकडची, कोरेगाव तालुक्यातली. लग्न होऊन इकडं आले तेव्हा बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. परीक्षेला मला मामाच घेऊन गेले. सगळे पेपर होईपर्यंत रोज कॉलेजच्या फाटकासमोर लिंबाखाली बसून राहायचे. पेपर कसा गेला असं एकदाही विचारलं नाही; बाहेर आले की पाण्याची बाटली पुढं करायचे, एवढंच. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. माझे यजमानही फौजेतच. वर्षातून दीडदोन महिने घरी, बाकी वर उत्तरेत.

मामांच्या अंगावरून वारं गेलं ते सकाळी, म्हशीची धार काढताना. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. मिरजेला दवाखान्यात ठेवलं. तिथं दुसऱ्याच दिवशी लघवी अडली. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट बरीच वाढलेली आहे, हा त्रास यांना आधीपासून असणार. होताच. दोन वर्षं मामा परसदारी गेले की लवकर यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, म्हातारं माणूस, वेळ लागत असेल. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

लघवीची नळी घातली आणि पिशवी लावली. मामांना वाऱ्यापेक्षा त्या पिशवीचं जास्त लागलं. बघायला माणसं यायची, तेव्हा ते डाव्या हातानं टॉवेल ओढून पिशवी झाकायचे. टॉवेल सरकला की परत ओढायचे. समोरच्याशी डोळा मिळवायचे नाहीत.

यजमान पंधरा दिवसांची रजा संपवून परत गेले होते, त्यामुळे लघवीच्या विकाराच्या डॉक्टरांनी गोळी समजावली ती मलाच. "ही पुरुषाच्या शरीरातलं एक हार्मोन अडवते. त्यामुळं गाठ हळूहळू आकसते. फरक पडायला महिने लागतात, कधी सहासुद्धा, म्हणून मनानं बंद करायची नाही. आणि पुढं कुणी पीएसए नावाची रक्ताची तपासणी सांगितली, तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. नाहीतर आकडा कमी दिसतो आणि फसगत होते." मी सगळं वहीत लिहून घेतलं. रोज एक, कधीही, जेवणाआधी किंवा नंतर. मामांना तेव्हा धड गिळता येत नव्हतं. गोळी कशी देणार, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. कुटून देईन, हे मीही सांगितलं नाही. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

तिसऱ्या महिन्यात नळी काढली आणि लघवी आपोआप झाली. त्या दिवशी घरी आल्यावर मामा काठी टेकत, आत्यांच्या खांद्यावर हात ठेवून अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. खुर्चीत बसले आणि माझ्याकडं बघून अर्ध्या तोंडानं हसले. वारं गेल्यापासून पहिल्यांदा.

त्याच सुमाराला यजमान महिनाभराच्या रजेवर येऊन गेले आणि मला दिवस गेले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्हीदा तिसरा महिना लागायच्या आत सगळं संपलं होतं. म्हणून ह्या वेळी अडीच महिने मी कुणाला सांगितलंच नाही. यजमानांना सुद्धा उशिरा सांगितलं. आष्ट्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, ठोके नीट आहेत म्हणाल्या, रक्तवाढीच्या आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घ्यायला मी नेहमीच्या मेडिकलमध्ये गेले. मामांचीही चिठ्ठी जवळ होती. दोन्ही चिठ्ठ्या एकदमच पुढं केल्या.

दुकानातली बाई माझ्याच वयाची, एरवी हसून बोलणारी. दोन्ही चिठ्ठ्या तिनं शेजारी शेजारी ठेवून वाचल्या.

"ही प्रोस्टेटची गोळी कुणाची?"

"सासऱ्यांची."

"त्यांना देतं कोण?"

"मीच. का?"

"पाकिटातनं काढून नुसती हातावर ठेवता ना?"

"न्हाई, त्यांना गोळी गिळवत न्हाई. कुटून देते."

ती काउंटरवर पुढं वाकली आणि आवाज खाली आणला. "ताई, पोटुशी बाईनं ह्या गोळीची पूड हाताळायची नसते. अख्खी गोळी असली तर काही नाही, वर थर असतो. फोडली की आतलं औषध कातडीतनं अंगात जाऊ शकतं. कधीपासून कुटताय?"

मी सांगितलं. खोक्यातला कागद काढून तिनं त्यातली एक ओळ बोटानं दाखवली. इंग्रजी होती, पण मला वाचता आली. साडेचार महिने दर महिन्याला पाकीट विकत घेत होते. सुटी पाकिटं मिळायची, कागद नाही. पण मागितला असता तर मिळाला असता. मी बी.ए. झालेली बाई.

एस.टी.च्या स्टँडवर मी दोन गाड्या सोडल्या. हाताचं ते बोट साडीला घासत बसले होते, ते शेजारच्या म्हातारीनं "काय चिकटलंय गं?" म्हटल्यावर ध्यानात आलं.

घरी गेल्यावर स्वयंपाकघरात आत्यांना सांगितलं. हळू सांगायचं ठरवलं होतं, पण आत्यांचा आवाज हळू राहिला नाही. आधीची दोन गेलेली त्यांनीही सोसली होती.

"आगं बया, म्हंजी त्या गोळीचं इख तुज्या पोटात ग्येलं की! आता कसं व्हायाचं? म्हाताऱ्याची गोळी, म्हाताऱ्याचं मूत, समदं तुज्याच हातानं. मी आंधळी, मला काय दिसतंय! ह्या पोराचं बी वाटोळं झालं गं!"

मामा भिंतीपलीकडं सोप्यात खाटेवर होते. वाऱ्यानं बोलणं गेलं होतं, कान शाबूत होते. ते ऐकताहेत, हे त्या वेळी माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

यजमानांना फोन लावला. ते म्हणाले, "उद्याच्या उद्या मिरजेला जा. दोन्ही डॉक्टरांस्नी विचार. आन् रडू नगंस." त्यांचा स्वत:चाच आवाज धड नव्हता.

मिरजेला आधी बायकांच्या डॉक्टरांकडं गेले. वयस्कर बाई, शांत. सगळं ऐकून घेतलं. "घाबरू नका. हे औषध पुरुषी हार्मोन अडवतं. पोटात मुलगी असेल तर त्याचा काही संबंधच येत नाही. मुलगा असेल तर त्याच्या लघवीच्या जागेच्या घडणीत दोष राहू शकतो, म्हणून गरोदर बायकांना लांब राहा म्हणतात. पण बोटाला लागलेल्या चिमूटभर पुडीनं तसं होण्याची शक्यता फार थोडी आहे. आता मात्र हात लावू नका."

"मग मॅडम, मुलगा हाय का मुलगी, तेवढंच सांगा."

त्यांनी वर न बघता भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे.

"मी मुलगी असावी म्हणून विचारतेय," मी म्हणाले.

आता त्यांनी वर पाहिलं. "कशासाठीही विचारलंत तरी मला सांगता येत नाही, बाळ."

मला त्यांचा राग आला नाही. ती पाटी आमच्या भागात का लावावी लागली, हे मला ठाऊक होतं. माझ्या एका मैत्रिणीला दोनदा लांबच्या गावी नेऊन आणलं होतं, ती नंतर कधी पहिल्यासारखी झाली नाही. त्या खोलीत मुलगी असू दे म्हणून हात जोडणारी मी किती जणींतली एक असेन, असा विचार आला आणि मग नुसतंच पोकळ वाटलं.

लघवीच्या डॉक्टरांनी तर दोन मिनिटांत सोडवलं. मामा आता पेज, भात गिळतात म्हटल्यावर म्हणाले, "मग अख्खीच द्या पाण्याबरोबर. कुटायची गरज नाही. सासूबाईंना देऊ द्या. तुम्ही त्यांचं बाकीचं सगळं करू शकता, कपडे, जेवण. कपडे हाताळताना वाटलं तर हातमोजे घाला. लघवीच्या कपड्यांनी काही होत नाही." एवढंच. पूड नको, गोळी अख्खी, हात दुसऱ्याचा.

घरी येऊन मी आत्यांना समजावून सांगितलं. आत्यांचे डोळे मोतीबिंदूनं पिकले होते, म्हणून सकाळच्या चार गोळ्या चार वाट्यांत कशा ठेवायच्या ते शिकवलं. त्या म्हणाल्या, "एवडंच व्हय?" मी म्हटलं, "एवढंच."

मामांना कुणी सांगितलं नाही. सून सासऱ्यापुढं जाऊन काय सांगणार होती? मला दिवस गेलेत, तुमच्या लघवीच्या गोळीनं माझ्या पोटातल्या बाळाला धोका होता, आता तो नाही? एवढे शब्द आमच्या घरात त्या दोन माणसांमध्ये कधी बोलले गेले नव्हते. त्यांची चादर मी धुवायची, अंग पुसायची, पण तेही दोघं दोन दिशांना बघत. आत्या सांगतील असं मी धरून चालले. आत्यांना वाटलं असेल, सांगायचं काय त्यात.

त्यानंतर मामा बदलले. मी चादर काढायला गेले की डाव्या हातानं घट्ट धरून ठेवायचे. ताट घेऊन गेले की मान भिंतीकडं. एकदा ओलं धोतर बदलायला वाकले, तर त्यांनी माझा हात एवढ्या जोरानं झटकला की बांगडी फुटली. घशातून आवाज काढला, शब्द नाही, नुसता राग. मी बाहेर येऊन चुलीपुढं बसले. मला वाटलं, त्यांना माझी शिसारी आली. वंशाच्या अंकुराला स्वत:च्या हातानं विष चारणारी बाई म्हणून. मी त्यांना दोष दिला नाही. माझंही माझ्याबद्दल तेच मत होतं.

गोळ्या आत्या द्यायच्या. चार गोळ्या मामांच्या डाव्या तळहातावर ठेवायच्या, भांडं तोंडाला लावायच्या. मामा तीन गिळायचे. चौथी, आकाशी, बोटांच्या बेचक्यात धरून ठेवायचे. आत्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. मी त्या वेळी मुद्दाम परसात जाऊन उभी राहायची, डॉक्टरांनी दूर राहा म्हटलं होतं म्हणून. पाकिटं वेळेवर संपायची. महिन्याच्या महिन्याला मी नवी आणायची. त्या गोळ्या ते कुठं टाकत होते, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. बाळ नीट आहे म्हणाले. मी घरी येऊन ते आत्यांना सांगितलं, फोनवर यजमानांना सांगितलं. पुन्हा मामांना सोडून सगळ्यांना.

सहाव्या महिन्यात मामा पाणी कमी प्यायला लागले. आत्या म्हणाल्या, "थंडी हाय, तान लागत नसंल." सातव्यात त्यांना बाहेर नेलं की वेळ लागायला लागला. तोंडावर घाम यायचा. मी आत्यांना म्हटलं, डॉक्टरांना दाखवूया का? मामांनी ते ऐकलं आणि जोरजोरात मान हलवली. पिशवीची त्यांना भीती आहे, एवढंच मी समजले. गोळी तर चालू आहे, फरक पडायला वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणालेच होते. ती वहीतली ओळ मी आत्यांना वाचून दाखवली, शहाण्यासारखी.

मग एका दुपारी मामा हाकेला ओ देईनात. अंग भाजत होतं. पोट ढोलासारखं ताणलेलं. शेजारच्यांची गाडी काढली आणि मिरज गाठली. नळी घातल्यावर आली ती लघवी गढूळ, घाण वासाची. डॉक्टर म्हणाले, बराच काळ तुंबत होती, जंतू रक्तात गेलेत, मूत्रपिंडं सुजलीत. मग मला विचारलं, "गोळी चालू होती ना?"

"होती."

"एकही दिवस चुकली नाही?"

"न्हाई," मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप जरा उतरला आणि मामांनी डोळे उघडले. आत्या चहाला गेल्या होत्या. खाटेशी मीच होते. मी जवळ गेले तसे ते मागं सरकायला लागले, नळीकडं बघत, पिशवीकडं बघत. मग माझ्या पोटाकडं बघितलं. आठ महिने होत आले होते, झाकण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"प्... पोर," ते म्हणाले. "बरं?"

"बरं हाय, मामा. लय बरं हाय. डॉक्टरांनी बघितलंय."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अंगठा आणि बोट जवळ आणून त्यांनी एवढीशी गोल खूण केली. "गोळी... न्हाई. टाकली."

"कुठली गोळी? का टाकली?"

त्यांनी डावा हात उचलला, पिशवीकडं नेला, मग माझ्या हाताकडं. "मूत," ते म्हणाले. "तुजा हात. पोर."

एवढ्या चार शब्दांत मला सगळं कळलं. आत्यांनी त्या दिवशी स्वयंपाकघरात काढलेला आवाज. धरून ठेवलेली चादर. झटकलेला हात. गोळी आपल्या अंगात गेली तर ती लघवीतून उतरून माझ्या हाताला लागेल, बाळाला लागेल, असं त्यांनी धरलं होतं. म्हणून त्यांनी गोळी सोडली, मला जवळ येऊ दिलं नाही, आणि परत पिशवी लागणार हे ठाऊक असून चार महिने कळ सोसली.

"आवं मामा," मी म्हणाले, "लघवीतनं काय हुत न्हाई. तुमी गिळायची हुती. अख्खी गोळी कुणालाच काय करत न्हाई. डॉक्टरांनी सांगितलं हुतं मला, तवाच सांगितलं हुतं..."

ते "हं" म्हणाले. ऐकून म्हणाले की तापात, ते मला ठरवता आलेलं नाही. त्यांनी ते ऐकलं नसावं असंच आता वाटतं. आपण उगाच सोसलं हे कळून माणसानं कशाला जावं? पण त्या वेळी मी सांगतच राहिले, पुन्हा पुन्हा, चार महिन्यांचं उट्टं काढल्यासारखी, नर्सनं मला बाजूला नेईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा गेले. यजमान रेल्वेनं मिरजेला उतरले तेव्हा आम्ही मामांना गावी आणलं होतं.

सहा आठवड्यांनी मला मुलगी झाली. तीन किलोला जरा कमी, धडधाकट. "मुलगी आहे," असं सिस्टरनं सांगितलं आणि मी रडायला लागले. मला थांबता येईना. सिस्टर चिडली. "शिकलेल्या दिसता आणि मुलगी झाली म्हणून रडता? लाज नाही वाटत?" तिला काय सांगू? मुलगी होती, म्हणजे पहिल्या दिवसापासून धोका नव्हताच. त्या पुडीचा नाही, मामांच्या गोळीचा नाही, कशाचाच नाही. मी मान हलवली आणि तिला तसंच समजू दिलं.

आत्यांनी नातीला उराशी धरलं. मोतीबिंदू काढल्यावर तिचं तोंड नीट बघितलं, तेव्हा म्हणाल्या, "म्हाताऱ्याच्या वळणावर ग्येलीया." मला ते दिसत नाही. बघायचा प्रयत्न करते, दिसत नाही.

मामांच्या वर्षश्राद्धाला यजमान आले होते. पानं वाढून झाली, माणसं गेली, आणि आम्ही दोघं परसात भांडी घासायला लागलो. तेव्हा त्यांनी वडिलांबद्दल विचारलं, "तू दादांना एकदा का सांगितलं न्हाईस? एकदाच?"

रागानं नाही विचारलं. खरंच कळत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, "लाज वाटली."

त्यांनी हातातली परात धुतली, उपडी घातली आणि आत गेले. परत कधी विचारलं नाही. रजा संपवून गेले. आता फोन येतो तेव्हा पोरीशी बोलतात, तिचं खाणंपिणं विचारतात, आत्यांची तब्येत विचारतात. मग फोन माझ्या हातात येतो. "बरी हायस न्हवं?" म्हणतात. मी "व्हय" म्हणते. आणि फोन बंद होतो.